मावशीला बाहेर आवाज लागत नाही

एखाद्या घरात कुणाला धुळीचा त्रास असतो, कुणाला पित्ताचा. आमच्या घरात मावशीला बाहेरचा होता. आमच्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये, आमच्या पियानोशेजारी उभी राहून ती गायला लागली की लोकांचे सुपाचे चमचे हवेत थांबायचे. त्याच मावशीला दुसऱ्या कुठल्याही हॉलमध्ये नेऊन उभी करा. गाणं नीट चालायचं, आणि शेवटच्या वरच्या सुराला आवाज टर्रकन फाटायचा, जुन्या चादरीसारखा. "तिला बाहेर आवाज लागत नाही," असं आई पाहुण्यांना सांगायची, तेही "तिला दूध पचत नाही" म्हणावं इतकं सहज. पाहुणेही "अरेरे" करून पुढचा घास घ्यायचे.

आमचं हॉटेल म्हणजे आमच्या मालकीचं नव्हे. मालक तिसरेच. आम्ही मागच्या तीन खोल्यांत राहतो आणि शनिवार-रविवार दुपारी साडेबारा ते साडेतीन हॉलमध्ये जॅझ वाजवतो. पियानोवर आजोबा, म्हणजे आईचे वडील. ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कळलं?" विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य सुरू करतात. ड्रमवर मामा. त्याला हात न वापरता बोलता येत नाही. "मीठ दे" एवढं सांगतानाही तो टेबलावर ट-टक्, टक् वाजवतो. आई मोठा, व्हायोलिनच्या घडणीचा उभा बास वाजवते. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि तिच्यापेक्षा जास्त बोलतो. आई एका वेळी दोनच शब्द काढते. "जेव आधी." "दार लाव." मी घरातल्या सगळ्यांच्या नकला करते, पण आईची करून काही उपयोग होत नाही, सुरू होईपर्यंत संपलेली असते. बाबा हॉटेलच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी आहेत. त्यांना सुरातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून घरात तेवढे एकटेच सुखी असायचे.

आणि गायला मावशी. त्याआधी आजी गायची. आजी गेली तेव्हा मावशी सतरा वर्षांची होती. त्या शनिवारी आजोबांनी हॉल बंद ठेवला आणि रविवारी उघडला. मावशी आजीच्या जागी जाऊन उभी राहिली. कोणी तिला "तू गा" म्हणालं नव्हतं, आणि कोणी "नको" असंही म्हणालं नाही. आजी जी गाणी जशी गायची ती तशीच पुढे चालू. शेवटी आजीनं स्वतः बांधलेलं एक संथ, आतड्यातून येणारं गाणं. त्याची शेवटची ओळ "दार उघडंच आहे, ये". त्यातला "ये" इतका वर जातो की स्वयंपाकघरात भांडी घासणारेसुद्धा नळ बंद करतात.

हॉलमध्ये गाणं म्हणजे काय असतं ते मावशीकडून ऐकावं. "लोक आपल्यासाठी आलेले नसतात गं. ते कोंबडीसाठी आलेले असतात. मधे आपण असतो." ताटल्या बदलायची वेळ आली की ती मुद्दाम श्वासाची जागा लांबवते. खुर्चीची पाठ डाव्या हातानं धरते आणि तोंड तिसऱ्या खांबाकडे ठेवते, कारण तिथून आवाज परत फिरून मागच्या टेबलांपर्यंत जातो. चमचे कुठल्या टेबलावर थांबले हे ती न बघता सांगते. "पाच नंबर ऐकतंय. दोन नंबरचं भांडण चाललंय." सोमवार ते शुक्रवार ती हॉटेलच्या टेलिफोनवर बसते. "नमस्कार, बोला" असं ती म्हणते ना, तर चौकशीसाठी फोन केलेली माणसं एक रात्र राहायला येतात. एका गृहस्थानं दोनदा फोन करून, काही न विचारता, नुसता ठेवून दिला होता.

तर अशी ही बाई वीस वर्षांची असताना रेडिओ केंद्रावर चाचणीला गेली. तिथल्या पियानोवाल्यानं विचारलं, "कुठली पट्टी?" तिनं सांगितलं, "काळी दोन." म्हणजे पियानोची दुसरी काळी पट्टी, आजीचं गाणं तिथूनच उचलायचं, हा आमच्या घरचा कायदा. आजोबांनी बाकी सगळं सोडलं असतं, पट्टी नाही. "पट्टी उतरवली की गाणं म्हातारं होतं. कळलं?" मावशी गायली. "ये"वर आवाज फाटला. काचेपलीकडून कोणीतरी म्हणालं, "छान प्रयत्न." ती घरी आली आणि कोट अंगात तसाच ठेवून स्टुलावर बसली. आजोबा म्हणाले, "घाबरलीस. होतं असं."

"नाही घाबरले. पाय कापत नव्हते माझे."

"आतून कापत असतील. कळलं?"

मग एका लग्नाच्या हॉलमध्ये तेच झालं. मग प्रवासी जहाजावरच्या बँडची नोकरी आली होती, वर्षाचा करार, चाचणीत तेच. चौथ्यांदा ती कुठे गेलीच नाही. निदान पक्कं झालं होतं. तेवीस वर्षं ती तिसऱ्या खांबाकडे तोंड करून गात राहिली आणि बाहेरच्यांना "नाही हो, मला बाहेर लागत नाही," असं स्वतःच सांगू लागली.

गेल्या वर्षी रेडिओच्या मोठ्या बँडकडून पत्र आलं. सोळा वादक, रविवारी दुपारी चार वाजता थेट प्रक्षेपण, आजीचं तेच गाणं. मावशीनं पत्र वाचलं, घडी घातली, उलगडलं, पुन्हा वाचलं. आजोबा म्हणाले, "कशाला उगाच?" आई म्हणाली, "जा तू." हे आईच्या मानानं भाषण होतं. मावशी गेली. तालमीला मामा सोबत गेला, आणि मामाबरोबर मी.

बँडप्रमुख दारातच उभे होते. टक्कल, गळ्यात सॅक्सोफोन. मामानं त्यांना बघितलं आणि माझ्या दंडावर ट-टक् केलं. "अगं, हा तर दोनदिवशा!"

दोनदिवशाची गोष्ट आमच्या घरात कायम सांगतात. आमच्याकडे फुंकायचं वाद्य कधीच टिकलं नाही. मावशी एकवीसची असताना एक तरुण सॅक्सोफोनवाला हॉलमध्ये वाजवायला आला होता. दोन दिवस आला आणि "माझं तुमच्याशी जुळत नाही" म्हणून गेला. आजोबांनी तेव्हाच जाहीर केलं, की पोरगा चांगल्या घरचा आहे, पण बेसूर आहे. आणि आता हा बेसूर मनुष्य सोळा जणांच्या पुढे उभा राहून "एक, दोन, अन् एक दोन तीन" म्हणत होता. पत्र त्यानंच पाठवलं होतं. दोन दिवसांत ऐकलेलं गाणं तो बावीस वर्षं विसरला नव्हता.

मावशी गायली. पहिल्या दोन ओळींना ट्रम्पेटवाल्यानं शेजाऱ्याला कोपर मारलं, इतकं छान. आणि मग "ये". टर्र.

बँडप्रमुखांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "बाई, पट्टी उतरवू या का? अर्धाच स्वर. काळी दोनच्या ऐवजी पांढरी दोन."

"नको," मावशी म्हणाली. "आमच्याकडे हे काळी दोनमध्येच गातात."

ते मामाकडे वळले. "पियानो तोच आहे का अजून?"

"तोच."

"लावतं कोण?"

"आमचे बाबाच लावतात," मामा आजोबांबद्दल म्हणाला. "दर वर्षी. कान खणखणीत आहेत त्यांचे."

"कानांबद्दल मी काही बोललो नाही," बँडप्रमुख म्हणाले. मग त्यांनी सोळा जणांकडून गाण्याशिवाय नुसता बँड वाजवून घेतला, तो रेकॉर्ड केला आणि मामाच्या हातात दिला. "घरी सराव करा. पण पियानोजवळ लावा हं. पियानोजवळच."

बसमध्ये मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. "उद्या फोन करून नाही सांगते त्यांना," ती म्हणाली. "वीसची होते तेव्हा तेच, त्रेचाळीसची झाले तरी तेच. घाबरट ती घाबरटच. उगाच सोळा माणसांचा वेळ घालवायचा." मामाचे हात मांडीवर होते आणि ते काही वाजवत नव्हते. मी त्याला असं कधी बघितलं नव्हतं.

सोमवारी दुपारी हॉल रिकामा होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या. मामानं रेकॉर्डिंग पियानोवरच ठेवलं. आता आमच्या घरचा दुसरा कायदा असा, की गाण्याचं रेकॉर्ड चालू असताना पियानो वाजवायचा नाही. "दुसऱ्याच्या सुरात आपला मिसळायचा नाही." लहानपणापासून मी हे ऐकत आलेय. पण आज आजोबांचीच इच्छा होती. दोनदिवशाला आता तरी वाजवता येतं का ते बघायचं होतं. मामानं बटण दाबलं, बँड सुरू झाला, आजोबांनी दोन्ही हात टाकले.

काय सांगू. दोन जाड माणसं एकाच वेळी एका दारातून आत शिरायला बघतात आणि दोघंही अडकतात, तसं ते होतं. स्वयंपाकघरातून बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "काय पडलं?"

आजोबांनी हात उचलले. "थांबव! बेसूर आहेत. सोळाच्या सोळा!"

"सोळाही, बाबा?" आईनं विचारलं.

"सोळाही! तेव्हाच म्हणालो होतो मी. एक नासका होता, त्यानं सगळे नासवले."

मामा टेबलावर बोटं वाजवू लागला. "बाबा, सोळा माणसं एकाच वेळी, एकाच दिशेला, एकाच मापानं बेसूर?"

"पगारी माणसं आहेत. शिस्त असते त्यांच्यात. कळलं?"

मावशी खुर्चीची पाठ धरून उभी होती. एवढं बोलणं चाललेलं, पण ती पियानोकडे बघत होती. "पुन्हा लाव," ती मामाला म्हणाली. पुन्हा लावलं, पुन्हा दोन जाड माणसं दारात अडकली. "पंच बोलवा," आजोबा गरजले. "बाहेरचा, पगारी. तो सांगेल कोण बेसूर ते."

दुसऱ्या दिवशी पंच आला. शहरातला जुना पियानो लावणारा, हातात डॉक्टरसारखी पेटी. पियानोशी तो म्हाताऱ्या पेशंटशी बोलावं तसाच बोलत होता. "काय म्हणताय? बघू, झाकण उघडा. अरे वा, दात सगळे आहेत की." त्यानं पेटीतून एकच नेमका सूर देणारा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा पियानोच्या लाकडावर टेकवला. हॉलभर एक बारीक, सरळ सूर उभा राहिला. मग त्यानं त्याच सुराची पट्टी दाबली.

बाबांनासुद्धा कळलं.

पियानोवाल्यानं शेजारची पट्टी दाबली. ती नादकाट्याशी तंतोतंत जुळली. मग तो खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबत गेला, डोकं आत घालून. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आदर होता.

"अख्खा पियानो अर्धा स्वर खाली आहे," तो म्हणाला. "याची काळी दोन म्हणजे बाहेरची पांढरी दोन. वयानं उतरतो तो कुठे जास्त, कुठे कमी, असा सारखा नाही उतरत. हा कुणीतरी हातानं, तार न् तार मोजून उतरवलाय. सव्वादोनशे तारा. चाळीस वर्षांत इतकं देखणं काम मी बघितलं नाही."

"धन्यवाद," आजोबा म्हणाले.

आम्ही सगळे आजोबांकडे वळलो.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता पियानोला सांगितलं. हॉटेलात नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात आजीचा घसा बसला होता. "ये" जात नव्हता. अर्धा स्वर खाली घेतलं तर गेला असता. पण आजोबा कानानं शिकलेले, त्यांची बोटं ते गाणं काळी दोनवरूनच वाजवायची, दुसरीकडे हलेनात. "बोटं नव्यानं शिकवायची तर महिना लागला असता. पियानो उतरवायला दोन दिवस लागले."

"मग परत चढवला का नाहीत?" मामानं विचारलं.

"ती बरी झाली. म्हणाली, असाच राहू दे, छान वाटतंय गायला. मग दर वर्षी त्याचा त्याच्याशीच मिळवत राहिलो." त्यांनी पट्ट्यांवरून हात फिरवला. "मग विसरलो. खरंच विसरलो."

"तो सॅक्सोफोनवाला काय म्हणाला होता तुम्हाला?"

"पियानो उतरलाय म्हणाला. म्हणून तर हाकलला."

मी मावशीकडे बघत होते. मला वाटलं ओरडेल. ती पियानोवाल्याजवळ गेली, "जरा देता?" म्हणाली, त्याच्यासारखाच नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. सूर विझेपर्यंत धरून राहिली.

"म्हणजे मी घाबरले नव्हते," ती म्हणाली.

तिनं नादकाटा पियानोवर ठेवला.

"माझे पाय कापत नव्हते, बाबा. मी सांगितलं होतं तुम्हाला. कोट पण काढला नव्हता मी, तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात आतून कापत असतील. मी तेवीस वर्षं आतून शोधतेय कुठे कापतंय ते!"

आजोबांनी तोंड उघडलं. "कळलं?"सुद्धा आलं नाही.

"चुकलं आपलं," आई म्हणाली.

आणि मावशी हसायला लागली. आधी नाकातून, मग खुर्ची धरून, मग खुर्ची सोडून सरळ जमिनीवर बसून. "सव्वादोनशे तारा!" ती म्हणायची आणि परत सुटायची. "बोटं हलवायची नाहीत म्हणून सव्वादोनशे तारा!" पियानोवाला पण हसायला लागला, त्याला काय झालं ते धड माहीत नव्हतं तरी. शेवटी तिनं डोळे पुसले, उठली, आपल्या टेलिफोनच्या खोलीत गेली आणि रेडिओ केंद्राला फोन लावला. आम्ही सगळे दारात.

"नमस्कार, मी बोलतेय. पांढरी दोन."

पलीकडून बँडप्रमुखांचा आवाज आम्हाला दारातसुद्धा ऐकू आला. "सोळाही जणांचे कागद त्या पट्टीत लिहून तयार आहेत, बाई. तालमीच्या रात्रीच बसलो होतो."

पियानो आहे तसाच ठेवला. वर खेचला तर जुन्या तारा तुटतील असं पियानोवाल्याचं म्हणणं पडलं, आणि मावशी म्हणाली, "राहू दे, त्याला आता बाहेर लागायचं नाही." पण आजोबांशी ती पुढचे दोन दिवस फक्त टेलिफोनच्या आवाजात बोलली. "नमस्कार, चहा ठेवला आहे. नमस्कार, औषध घ्यायची वेळ झाली." मला हसू आवरायचं नाही. आजोबांना मात्र ते चांगलंच लागत होतं, ते कपाकडे बघत चहा प्यायचे. तिसऱ्या दिवशी ते एकटेच बाहेर गेले. परत आले ते सरळ तिच्या खोलीत, आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. नवा नादकाटा.

"बाहेर जाताना जवळ ठेवत जा," ते म्हणाले. "आमचा भरवसा नाही."

मावशीनं तो पर्समध्ये टाकला. "चहा घेणार का, बाबा?" हे तिनं साध्या आवाजात विचारलं. आजोबा बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बराच वेळ बसले.

रविवारी मावशी आणि मामा केंद्रावर गेले. आम्ही हॉलमध्ये. साडेतीनला आमचं वाजवणं संपतं, तेव्हा पाहुणे उठायला हवेत, पण बाबांनी सगळ्या टेबलांवर कॉफी फुकट पाठवली आणि कोणी उठलं नाही. पियानोच्या झाकणावर रेडिओ, शेजारी आजोबा, हात मांडीवर घट्ट. चार वाजून सात मिनिटांनी निवेदकानं मावशीचं नाव घेतलं. बँड सुरू झाला. आणि बँडच्या आधी, अगदी हलका, मला एक टिंग् ऐकू आला. नादकाटा गुडघ्यावर. मी आईकडे बघितलं. तिलाही ऐकू आला होता.

पहिली ओळ. दुसरी. चमचे थांबले, पण ते नेहमीचंच. शेवटचं कडवं सुरू झालं तेव्हा स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आईनं बासची मान धरली, वाजवायचा नसतानाही. आजोबांचे डोळे मिटलेले. "दार उघडंच आहे," मावशी म्हणाली, आणि एक श्वास घेतला. तो श्वास रेडिओवर सगळ्या शहराला ऐकू आला असेल.

"ये."

गेला. फाटला नाही, हलला नाही, वर जाऊन तिथेच राहिला, एवढा वेळ की ट्रम्पेटवाल्यांना तिच्यासाठी थांबावं लागलं. मग तिनं तो स्वतःच्या मर्जीनं खाली आणला. हॉलमध्ये कोणीतरी कप उलटा पाडला आणि कोणी तो उचलला नाही. मागे बाबा उभे होते. ते म्हणाले, "हे सुरात होतं ना? मला तसं वाटलं." आई रडत होती आणि मान हलवत होती.

रेडिओवर टाळ्या चालू होत्या. आजोबांनी डोळे उघडले, रेडिओकडे बघितलं, खिशातून रुमाल काढून नाक पुसलं.

"बघा," ते म्हणाले. "आले की नाही शेवटी सोळाच्या सोळा सुरात? कळलं?"

"कळलं, बाबा," आई म्हणाली.